शेंडीचा नारळ

९ जानेवारी. देवबाग

आजवर या हातांनी केलेलं, निघण्याआधी लिहून ठेवतो.
होड्या एकेचाळीस, लहानमोठ्या धरून. त्यातल्या सहा अजून पाण्यात आहेत. देवळाच्या मंडपाचे खांब (कोपऱ्यातला जरा कललेला आहे तो आधीचा, माझा नव्हे). सौ.चा आडाळा, नारळ खवायचा, अजून हलत नाही. प्रसादचा पाळणा, फणसाच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता. शाळेची बाकं. अलीकडे होड्या कमी आणि होमस्टेवाल्यांच्या खाटा जास्त, त्या मोजत नाही.
शिकवलं कोणी नाही. खाडीच्या कडेला एक फुटकी होडी टाकून दिलेली होती. खिळा खिळा काढून सुटी केली, परत जोडली. बुडाली. परत सुटी केली, परत जोडली. तरंगली. तेव्हा मला मिशी फुटत होती.
हे सगळं आज आठवायचं कारण, शेडला कुलूप घातलं. इतके दिवस शेड बंद कधी नव्हती. किल्ली बाबलकडे दिली. त्याचा होमस्टे शेजारीच आहे.
प्रसाद सहा वर्षं क्रूझवर आहे, मोठ्या प्रवासी बोटीवर. कर्मचाऱ्याच्या आईवडलांना सवलतीत खोली मिळते. त्याची बोट सध्या दक्षिण अमेरिकेत. ब्यूनोस आयर्सला चढायचं, मॉन्टेव्हिडिओ, रिओ, साल्वादोर बघायचं, सांतोसला उतरायचं. मी तीन वर्षं नको म्हणत होतो. सौ. म्हणाली, यंदा तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन. जाईल ती.
बाबल म्हणाला, "मेस्त्रीनु, होडये बांधणारो माणूस बोटीत बसान खंय चाललो?" सांगितलं. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, थंय बांगडो गावता काय.

११ जाने.

पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड, पासपोर्ट, सगळं एका पिशवीत. पिशवी सौ.च्या पोटाला बांधलेली. ती मुंबईच्या विमानात झोपली नाही, नंतरच्या मोठ्या विमानातही नाही. विचारलं तर म्हणाली, झोपले आणि पिशवी गेली तर तुम्ही आयुष्यभर बोलाल.
खरं आहे.

१४ जाने. ब्यूनोस आयर्स

कस्टमवाल्यांनी कुळथाची पिठी ठेवून घेतली. वास घेऊन बघितला, एकमेकांना दिला. गुळाचा खाजा सोडला. सौ. म्हणते प्रसादसाठी पिठीच जास्त महत्त्वाची होती.
इथे समुद्र नाही, नदी आहे. पण पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी पावसातल्या कर्ली खाडीसारखं, चहाच्या रंगाचं.
बोट. काय लिहू. मालवणचा बाजार उभा करून पांढरा रंगवला तर असं दिसेल. वरचा सगळा इमला बिल्डिंगचा. खालचं पोट मात्र बोटीचं. शिडी चढताना हात लांब करून पत्र्याचा जोड चाचपला. काम साफ आहे. मागचे लोक खोळंबले.
आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नाही. दर्या बघायचा तर लिफ्टने वर जायचं.
प्रसाद आला. काळी पँट, पांढरा शर्ट, नावाचा बिल्ला. आईला मिठी मारली, माझ्या पाया पडला, घड्याळ बघितलं. पाहुण्यांच्या जागेत त्यांना रेंगाळता येत नाही. दोन वर्षांनी बघतोय, बारीक झालाय. जाताना दारात थांबून म्हणाला, "बाबा, एक गजाल ध्यानात ठेवा. बोटीतसून भायर काय टाकूचा नाय. सिगरेटीचा थोटूक नाय, कागद नाय. सरळ उतरवतत."
मी म्हटलं मी सिगारेट ओढत नाही.

१५ जाने. मॉन्टेव्हिडिओ

शहर स्वच्छ, वारा फार. किनाऱ्याकडेने चाललो. माणसं काखेत गरम पाण्याचा थर्मास धरून नळीने कसला तरी पाला ओढत बसलेली. सौ.ला आवडलं. म्हणाली आपल्याकडचे पुरुष असे गप्प बसून काही पितील तर देवाला नारळ देईन.
रात्रीचं जेवण प्रसादच्या भागातल्या टेबलावर मागून घेतलं. तो नको म्हणत होता. मीच हट्ट केला.
चुकलंच. गावात लोक त्याला 'बोटीवरचो साहेब' म्हणतात, मी कधी दुरुस्त केलं नाही. त्याचं काम काय ते मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. तो मागून आला, रुमाल झटकून माझ्या मांडीवर पसरला, "गुड इव्हिनिंग सर" म्हणाला. पलीकडची जोडपी बघत होती म्हणून तसं म्हणाला असेल. 
मग बघत राहिलो. झाकलेल्या ताटल्यांची चळत एका हातावर, बोटीला हेलकावा आला तर खांदा आपोआप उलट्या बाजूला. चमचे टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या पेराइतके आत, सगळ्या टेबलांवर सारखेच. एक तिरका होता तो जाता जाता सरळ केला, न बघता.
हे त्याला बोटीवर कोणी शिकवलं नसावं. ही खोड आमच्या घरातली.
त्याला बोलून दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं. "सूप निवला" एवढंच म्हटलं.

१७ जाने. समुद्रात

आज त्याला दुपारी थोडी सवड होती. मागच्या डेकवर उभ्या उभ्या बोललो. २३ तारखेला त्याची मुलाखत आहे, हेड वेटरच्या जागेसाठी. झाला तर खोली चौघांत वाटून घ्यावी लागणार नाही, पगार वाढेल, वर्षातून जास्त दिवस घरी. "दोन वरसां हेचीच वाट बगतंय," म्हणाला. डायनिंगचा मोठा साहेब त्याच्यावर खूश आहे.
सौ. आत येऊन म्हणाली, दर्याला गाऱ्हाणं घालूया.
माझ्याही मनात तेच होतं. नवी होडी पहिल्यांदा खाडीच्या तोंडाबाहेर पडते तेव्हा दर्याला नारळ देतात. एकेचाळीसही वेळा मी स्वतः उभा राहून दिलाय. इथे परक्या दर्यात चार दिवस झाले, आणि मी हात हलवत फिरतोय. पाहुणा घरात शिरला आणि घरच्या म्हाताऱ्याशी बोललाच नाही, असं झालं.
नारळ घरून आणायला हवा होता. कस्टमवाल्यांनी पिठी ठेवली तर नारळ कसला सोडतात.

१९ जाने. रिओ

डोंगर सरळ समुद्रातून वर आलेले. फोटो सौ.ने काढले, मी नारळ शोधला.
किनाऱ्यावर शहाळीच शहाळी. प्यायलो, आपल्यापेक्षा गोड कमी. मग गल्लीत एका दुकानात सुके नारळ मिळाले. पण तासून गुळगुळीत केलेले, जावळ काढलेल्या पोराच्या डोक्यासारखे. शेंडी नाही. शेंडीशिवाय नारळ देत नाहीत.
सौ. म्हणाली, "नारळ तो नारळ. दर्यो काय शेंडी मोजता?"
म्हटलं, मोजता.
"तुमी मोजतास. दर्याच्या माथ्यार कित्या मारतास?"
घेतला नाही. तीन दुकानं अजून फिरलो. सगळीकडे तासलेलेच.

२१ जाने. साल्वादोर

नारळ मिळाला. त्याआधी दुसरं लिहितो.
धक्क्याजवळच्या बाजारात काजूची बोंडं बघितली, पिवळी, लाल, आपली. बाईने बोट दाखवून 'काजू' म्हटलं. आम्ही दोघंही हसलो. सौ.ने वास घेतला आणि तिला फणसगावचं माहेर आठवलं, डोळे पुसत होती.
बाजाराच्या पाठीमागे उतारावर लाकडाची एक मोठी होडी ओढून ठेवलेली. पाय आपोआप तिकडे गेले. रुंद पोट, पुढची नाळ उभी, आपल्याकडच्या जुन्या पाती होडीच्या जवळची. फळ्यांचे सांधे बघितले. कापूस भरायची रीत वेगळी. एक म्हातारा गुडघ्यावर बसून काम करत होता. लोक त्याला 'मेश्त्रे, मेश्त्रे' म्हणत होते. मला आपलीच हाक आल्यासारखं झालं. मी माझे हात दाखवले, अंगठ्याचं कापलेलं टोक दाखवलं. त्याने त्याचं दाखवलं. तोही अंगठाच.
म्हातारा लाकडावरून फायबरचं कापड चढवत होता. आत जुनी होडी तशीच, बाहेरून कातडी. मी असलं काम कधी केलं नाही, बघायचंही टाळलं. आमच्याकडे फायबरच्या होड्या साच्यातून निघतात, घमेल्यासारख्या. हे तसं नव्हतं. हात फिरवून बघितला. फळीची रेघ वरूनही लागत होती.
शेजारी त्याचा मुलगा डब्यात रसायन ढवळत होता. दोघं भांडत होते. भाषा कळली नाही, भांडण कळलं. पोरगा म्हणत होता पातळ झालं, म्हातारा म्हणत होता तुला काय कळतं. मग म्हाताऱ्याने डबा घेतला, बघितलं, आणि काही न बोलता थोडी पावडर घातली. पोरगा दुसरीकडे बघून हसला.
पुष्कळ वेळ उभा होतो. सौ. म्हणाली, चला, जमीन सोडवत नाही काय तुम्हाला.
नारळ शेवटच्या दुकानात. सालासकट. बाईकडून लोखंडी पहार घेऊन मीच सोलला, शेंडी राखून. ती दोनदा 'ती पण काढ' अशी खूण करत होती. नाही काढली. चांगली वीतभर ठेवली, सारखी करून घेतली. बघायला आजूबाजूचे चारजण जमले होते.
बोटीच्या दारात तपासणीच्या यंत्रातून गेला. शिपायाने हातात घेऊन हलवला, हसला, परत दिला.
पाचला सुटणार. सूर्य बुडायच्या आत द्यायचा.

२२ जाने. समुद्रात

कालचं लिहितो. क्रमाने.
खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा मागच्या डेकवर फारसं कोणी नव्हतं. सगळे पुढे सूर्यास्ताचे फोटो काढायला. सौ. शेजारी. नारळ दोन्ही हातांत धरून गाऱ्हाणं घातलं. "बा दर्यादेवा म्हाराजा, हो मुलूख आमचो न्हय, पण पाणी तुजाच आसा. माज्या झिलाक सांबाळ. तेच्या मनासारख्या कर. आणि येळ इली काय तेका घराक घेवन ये."
सौ. म्हणाली, "व्हय म्हाराजा."
दिला. चांगला लांब गेला. हात जोडले.
प्रसादने सांगितलं होतं की बाहेर काही टाकायचं नाही. ते माझ्या डोक्यातही आलं नाही. टाकतात तो कचरा. नारळ कोणी टाकत नाही. आमच्याकडे कोणालाही विचारा.
खालच्या मजल्यावर बाल्कनीत एक बाई बसली होती. तिच्या डोळ्यांसमोरून वरून काहीतरी गेलं. तपकिरी, गोल, केस असलेलं. तिला ते पोराचं डोकं वाटलं. ती किंचाळत फोनकडे धावली.
आधी भोंगा झाला. मग स्पीकरवर बोलणं, तीन भाषांत. एकही कळली नाही. इंजिनाचा सूर बदलला, ते पायाला कळलं. बोट वळायला लागली. लोक कठड्याकडे धावत आले. मी सौ.ला म्हटलं, सराव असेल, पहिल्या दिवशी घेतला तसा. केशरी रंगाची लहान होडी खाली सोडत होते. दोन दोरखंड एकाच वेगाने, जराही तिरकी न होता. मी कौतुकाने बघत होतो. सौ.ला दाखवत होतो.
हे मला आता लिहवत नाही, पण तसंच झालं. माणूस बुडाला म्हणून सगळी बोट थांबली होती आणि मी दोरखंड बघत होतो.
सगळ्यांना आपापल्या जागी जमायला सांगितलं. माणसं मोजत होते. लहान पोरं असलेल्या बाया पोरांना छातीशी धरून उभ्या. आमच्या बाजूला मोजायला प्रसाद आला. कागदावर खुणा करत, चेहरा पांढरा. आमच्यापाशी आला, आईला बघितलं, मला बघितलं, सुटकेचा निःश्वास सोडला. मग त्याची नजर माझ्या शर्टावर गेली. काथ्याचे धागे चिकटले होते.
पेन खाली घेतलं. हळू विचारलं, "बाबा. दर्यात काय टाकलात?"
"टाकूक नाय. नारळ दिलंय. तुजो इंटरव्यू आसा म्हणान."
त्याने एक धागा उचलून बोटांत धरला. मग म्हणाला, "शेंडयेचो?"
"मगे? बिनशेंडयेचो देतत?"
सौ.ला तेव्हा कळलं. तिने माझा हात धरला, तो सोडलाच नाही.
मी म्हटलं चल, मी सांगतो साहेबाला. तो म्हणाला, "तुमी बसा. तुमका सांगूक येवचा नाय." गेला. गर्दीतून वाट काढत, टेबलांमधून जातो तसाच, कोणाला धक्का न लावता. तो गप्प राहिला असता तर अजून तासभर शोधलं असतं, आणि कदाचित आमच्यापर्यंत कोणी आलंही नसतं. हे त्यालाही माहीत होतं.
नंतर ऑफिसात बोलावलं. टेबलावर नारळ. केशरी होडीवाल्यांना सापडला होता. ओला, शेंडी चिकटलेली. दर्याला दिलेला नारळ परत आलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.
अधिकारी बाई शांत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं. मी सगळं सांगितलं, होडी पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा काय करतात, का करतात, शेंडी का लागते. बरंच बोललो. प्रसादने इंग्रजीत एकच वाक्य सांगितलं. त्यात 'सॉरी' होतं. मी तसं म्हटलं नव्हतं.
म्हणायला हवं होतं. त्याच्यासाठी तरी.
डायनिंगचा मोठा साहेब दारात उभा होता. त्याने प्रसादकडे बघितलं नाही, कागदांकडे बघितलं. आम्हाला सांतोसपर्यंत राहू देणार, पण वरच्या डेकवर जायचं नाही. आणि कुटुंबाला बोटीवर आणलं प्रसादने, तेव्हा जबाबदारी त्याची. उद्याची मुलाखत नाही. पुढचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं की नाही ते नंतर कळवतील.
हे सगळं प्रसादनेच मला मराठीतून सांगितलं. शुद्ध मराठीतून, कोर्टातल्यासारखं.
बाहेर आल्यावर सौ.ने खाज्याची पुडी त्याच्या हातात दिली. आठवडाभर खिशात घेऊन फिरत होती, वेळ सापडत नव्हती. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. चावत उभा राहिला. "मऊ पडला," म्हणाला.

२३ जाने.

खिडकी नसलेली खोली. वर जाता येत नाही. दर्या कुठल्या बाजूला तेही कळत नाही.
जेवायला गेलो. आमच्या टेबलावर दुसरा मुलगा. प्रसाद कुठे विचारलं तर हसून पाणी ओतलं.
रिओचा तो तासलेला नारळ घेतला असता तर ती बाई दचकली असती, पण डोकं म्हणाली नसती. सौ. हे अजून बोललेली नाही. बोलत नाही म्हणूनच ऐकू येतंय.

२४ जाने. सांतोस

उतरलो. प्रसादला तासभर सुट्टी दिली होती. धक्क्याबाहेर बाकावर बसलो. सौ.ने त्याचं डोकं चेपलं, लहानपणी चेपायची तसं. तो घड्याळ बघत नव्हता.
मग ती पाणी आणायला गेली आणि तो बोलला. बराच वेळ बोलला. काही गोष्टी ठरवून आला होता.
मी नको म्हटलं.
"बरा," म्हणाला. आई आल्यावर पाया पडला. शिडी चढताना मागे वळला नाही. वर गेल्यावर वळला असेल, तोवर आमची टॅक्सी निघाली होती.

२८ जाने. देवबाग

पोचलो. शेडला वाळवी नाही, उंदीर नाही. बाबलने किल्ली परत देताना विचारलं, "मगे? बोट कशी?" म्हटलं, काम साफ आहे.
"आणि आमचो साहेब?"
बरो आसा.
सौ. त्या बाकावर काय झालं ते मला विचारत नाही. त्याने तिला सांगितलं असणार. संध्याकाळी तांदूळ निवडत असताना एकदाच म्हणाली, "दर्यान आयकला हुता तुमचा." मी काय म्हणून विचारलं तर उठून आत गेली.

२ फेब्रुवारी

पाळणा माळ्यावरून काढला. कारण काही नाही. पुसला, परत ठेवला. सांधे अजून घट्ट.

६ फेब्रु.

आंगणेवाडीच्या जत्रेला मसुऱ्यात गेलो, दरवर्षीप्रमाणे. रांग मोठी. ओळखीचे सगळे भेटतात आणि सगळे तेच विचारतात, अमेरिका कशी? झील साहेब झालो मा? सौ. उत्तरं देते, मी खाज्याच्या दुकानाकडे बघतो.
देवीपुढे तिने ओटी भरली. मी हात जोडले. काही मागितलं नाही. आता मागायची भीती वाटते, दिलं तर काय करायचं.

१२ फेब्रु.

बाबल त्याची होडी घेऊन आला. माझीच, तेविसावी. पाणी घेते. सांधे दोनदा भरले तरी घेते, लाकूडच थकलंय. म्हणाला, नवी फायबरची घेऊ काय? मी एरवी त्याला शेडबाहेर काढलं असतं.
त्याला साल्वादोरच्या म्हाताऱ्याचं सांगितलं. जुनी होडी आत, वर कातडी. म्हणाला, "मगे तुमीच करा मा." मी म्हटलं मला येत नाही. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला.

१५ फेब्रु.

मालवणहून फायबरचं कापड आणि रसायन आणलं, थोडंच. एका जुन्या सुकाणूच्या पात्यावर चढवून बघितलं. डोकं धरलं वासाने. खाली हवा राहिली, फोड आले. सोलून काढलं. दुसऱ्यांदा पातळ झालं, ओघळलं.
कोणीतरी डबा ढवळून सांगणारा लागतो. एकट्याचं काम नव्हे ते.

१९ फेब्रु.

प्रसादचा फोन, आईला. माझी चौकशी केली, फोन बाबांना दे म्हणाला नाही. त्या बोटीचं कॉन्ट्रॅक्ट पुढे मिळणार नाही, कळवलं त्यांनी. एप्रिलमध्ये उतरेल. दुसऱ्या एका बोटीवर गोव्यातला एकजण लावून देतोय, पुन्हा खालच्या जागेपासून, आठ महिन्यांसाठी. या महिन्याच्या आत हो-नाही सांगायचं आहे.
सौ.ने विचारलं, काय सांगणार? तो म्हणाला, दुसरा काय आसा.
एकदा विचारलं की तो दुसऱ्यांदा विचारत नाही. कोणाकडून उचललंय ते मला सांगायला नको.
मोबाइलवर त्याला लिहायला बसलो. 'सुकाणूला कापड लावून बघितलं, फोड येतात' असं लिहिलं. पुसलं. 'रसायन किती पातळ ठेवतात विचारून कळव' असं लिहिलं. तेही पुसलं. मला जे लिहायचंय ते हे नव्हे.

२३ फेब्रु.

अजून लिहिलेलं नाही. त्याने गोव्याच्या माणसाला अजून हो म्हटलेलं नाही, एवढं सौ.कडून कळलं. का थांबलाय ते ती सांगत नाही.
सांतोसच्या बाकावरचं बोलणं त्या दिवशी लिहिलं नव्हतं. आज लिहितो, म्हणजे मोबाइलवर लिहिताना पुसायला काही उरणार नाही.
तो म्हणाला, "बाबा, आता हयसर काय रवला नाय. मी घराक येतंय. शेड वाडवूया. लाकूड तुमचा, फायबर मी शिकान घेतंय, त्या मेश्त्रेसारख्या. आयेन माका सांगला, तुमी थंय किती येळ उबे हुतात ता. गिऱ्हायक मी बगतंय, होडी तुमी म्हणशात तशीच. अर्दो वाटो तुमचो, अर्दो माजो. पाटयेर नाव तुमचा पयला."
मी म्हटलं, माझ्या चुकीची भरपाई तुझ्या पैशांनी नको. आणि म्हटलं, घमेली बनवायला मला भागीदार लागत नाही.
सहा वर्षं ताटल्या उचलून पैसे साठवले होते. सगळेच्या सगळे घालणार होता. चौदा लाख.